अडनिड्या वयातले निर्णय

(मंडळाच्या वर्धापनदिनी बार्शीटाकळी येथे केलेले भाषण)



मंडळाने मला या विषयावर दोन शब्द बोलण्यास सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी सातवी शिकलेली बाई. मानसशास्त्र हा शब्द मला लिहिता येतो, पण ते शास्त्र मी शिकलेली नाही. त्यावर कार्यवाह ताई म्हणाल्या, "काकू, तुमच्या दोन लेकी या वयातून पार पडल्या, पोरगा आता दहावीत हाय. एवढं शिक्षण काय कमी झालं?" तेव्हा माझ्या अल्पमतीप्रमाणे जे पाहिले, वाचले आणि लेकींनी वाचून दाखवले, ते आपल्यापुढे ठेवते. चुकभूल पोटात घालावी.

विषय आहे तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींचा. त्यांच्या मनात काय येते, त्यांना काय वाटते, ती काय करून बसतात, आणि त्यातून त्यांच्या आयुष्याचे निर्णय कसे होतात. हा विषय आजच का, हे आपल्यापैकी सगळ्यांना ठाऊक आहे. दिवाळीनंतर तालुक्यातल्या एका गावातून सतरा वर्षांची एक मुलगी कुणाबरोबर तरी निघून गेली. गाव मी सांगत नाही, आणि त्या मुलीचे नावही येथे कुणी काढू नये. सहा दिवसांनी ती परत आली, आता आपल्या घरी आहे. पण त्या सहा दिवसांत आपल्याच आळीतल्या तीन घरांतून तीन मुलींचे अकोल्याचे कॉलेज बंद झाले. त्या मुलीने विचार न करता पाऊल टाकले असे आपण नळावर, देवळात, सगळीकडे म्हणतो. या तीन घरांनी किती वेळ विचार केला? एका घरी तर मी स्वतः बसलेली होते. पुढ्यातला चहा निवायच्या आत निर्णय झाला.

आपला समज असा की माणूस आधी विचार करतो, मग ठरवतो आणि मग करतो. या वयात बहुधा तसे होत नाही. आधी काहीतरी वाटते, त्यासरशी काहीतरी केले जाते, आणि विचार मागाहून येतो. तोही पुष्कळदा केलेल्या गोष्टीला कारण शोधायला येतो. माझा एक भाचा पंधरा वर्षांचा होता. एके दिवशी शेतात सायकल टाकून तो एस.टी.त बसला आणि संध्याकाळी आमच्या दारात उभा राहिला. काऊन आला रे, असे विचारले तर त्याने पाच कारणे सांगितली. अभ्यास जास्त आहे, घरात जागा नाही, गावात नेट नाही, अशी. त्यातले एकही खरे नव्हते. रात्री जेवण झाल्यावर, दिवा मालवल्यावर, अंधारात म्हणाला, "मावशी, बाबा मले माह्या दोस्तायसमोर बोलले." एवढेच होते. बापाने काय म्हटले ते बापाच्या लक्षातही नव्हते.

डॉक्टर लोक याचे कारण असे सांगतात की माणसाचा मेंदू सगळा एकदम पिकत नाही. राग, आनंद, लाज, ओढ यांचा भाग या वयात जोरात चालू लागतो. पुढचे पाहून आवर घालणारा जो भाग कपाळाच्या मागे असतो, तो पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. हे वाचल्यावर मला एकीकडे धीर आला आणि दुसरीकडे हसू आले. पूर्वी आपल्याकडे पंचविशीपर्यंत बाईला चार लेकरे झालेली असत, म्हणजे कपाळ पिकायच्या आधीच संसार पिकलेला!

झोपेचेही तसेच आहे. या वयात झोप येण्याची वेळच मुळी उशिरा सरकते, म्हणून रात्री बारापर्यंत डोळे टक्क आणि सकाळी सात वाजता हाका मारमारून घसा बसतो. तो सगळा आळस नसतो. अर्थात मोबाईल हातात असला की आणखी एक तास जातो, हेही खरेच. न झोपलेल्या पोराशी सकाळी मोठ्या विषयावर बोलू नये, एवढे मात्र मी यातून घेतले.

दुसरी गोष्ट सोबतीची. २००५ साली अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग या दोघांनी एक प्रयोग केला. मुलांना, तरुणांना आणि मोठ्या माणसांना पडद्यावर मोटार चालवण्याचा खेळ दिला. दिवा बदलत असताना गाडी थांबवायची की दामटायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे. एकटे असताना या वयाची पोरे मोठ्यांपेक्षा फारशी वेगळी वागली नाहीत. मित्र शेजारी उभे राहून पाहू लागले की मात्र त्यांनी पुष्कळ जास्त धोका पत्करला. मोठ्या माणसांत हा फरक जवळजवळ दिसला नाही. अकोल्याच्या रस्त्यावर एका मोटारसायकलवर तिघे बसून जाणारी पोरे आपण रोज पाहतो. त्यातले कुणीही एकटे असते तर गाडी तशी हाणली नसती.

पण सोबतीचा हा जोर सदा वाईटच असतो असे कुणी समजू नये. ९ सप्टेंबर १९४२ रोजी खानदेशात नंदुरबार येथे शाळकरी मुलांनी तिरंगा घेऊन मिरवणूक काढली. त्यात शिरीषकुमार मेहता होता, वय वर्षे पंधरा. पोलिसांनी गोळीबार केला, त्यात तो आणि त्याच्याबरोबरची आणखी चौघे गेली. आज त्यांचे स्मारक आहे. त्यांच्या आयांना आदल्या रात्री विचारले असते, तर कुणीही जाऊ दिले नसते. मीही दिले नसते. जे मन पोराला तिघांत तिसरा म्हणून मोटारसायकलवर बसवते, तेच झेंड्याखालीही उभे करते. म्हणून ते मन मारून टाकणे हा उपाय मला पटत नाही.

आता मी आनंदीबाई जोशी यांच्याकडे येते. आपल्या वाचनालयात श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी आहे, आणि २०१९ साली आलेला सिनेमाही पुष्कळ जणींनी पाहिला आहे. त्यामुळे पहिली डॉक्टरीण म्हणून त्या सर्वांना माहीत आहेत. पण आजच्या विषयाच्या दृष्टीने मी त्यांच्या वयाचा हिशेब मांडून पाहिला. जन्म ३१ मार्च १८६५. लग्न नवव्या वर्षी, नवरा वीसेक वर्षांनी मोठा, टपाल खात्यात नोकरीला. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. योग्य उपचार मिळाले नाहीत. त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा ध्यास उपजला. म्हणजे आजच्या हिशेबाने आठवी-नववीतली मुलगी!

आता पाहा. बाळ गेले तेव्हा वय चौदा, आणि कलकत्त्याहून अमेरिकेच्या बोटीत बसल्या ७ एप्रिल १८८३ रोजी, म्हणजे नुकतेच अठरा पूर्ण झाले होते. मध्ये जवळजवळ चार वर्षे गेली. या चार वर्षांत ते दुःख नुसते दुःख राहिले नाही. इंग्रजी शिकणे झाले, अमेरिकेतल्या कार्पेंटर बाईंशी पत्रव्यवहार झाला, लोकांचे टोमणे खाऊन झाले. निघण्यापूर्वी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी जाहीर भाषण केले. हे श्रीरामपूर बंगालमधले, आपले नगरकडचे नव्हे. अमेरिकेला का जाता, येथे शिकण्याची सोय नाही का, एकटी का जाता, परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचे काय, काही वाईट घडले तर काय, आणि जे कोणत्याच बाईने केले नाही ते तुम्हीच का करता, असे लोक जे जे विचारत होते ते सगळे प्रश्न स्वतःच मांडून त्यांनी एकेकाचे उत्तर दिले. अठरा पुरी न झालेली मुलगी परक्या भाषेत सभेपुढे उभी राहून हे सांगते! आपल्यातल्या किती जणींना आपल्या लग्नाचे तरी कारण असे सांगता येईल?

कुणी म्हणेल, हा निर्णय तिचा कुठला, गोपाळरावांचाच हट्ट होता. हट्ट होता हे खरे. अभ्यास सोडून स्वयंपाकघरात रमली म्हणून त्यांनी तिला मारल्याचेही लिहिलेले आहे, आणि त्याचे कौतुक माझ्याने होत नाही. नऊ वर्षांची होती तेव्हा सारे त्यांनीच ठरवले. पण चौदाव्या वर्षीचे दुःख गोपाळरावांनी दिलेले नव्हते आणि श्रीरामपूरची उत्तरेही उसनी नव्हती. मनातले दुःख, त्यावरचा विचार आणि रोजची कृती या तीन गोष्टी चार वर्षे एकमेकींत मुरल्या, तेव्हा तो निर्णय तिचा झाला असे मला वाटते. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूकही झाली. पण त्या क्षयाने आजारी परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

त्याच काळातल्या रखमाबाईंचेही सांगितले पाहिजे, कारण 'नाही' म्हणणे हाही निर्णयच असतो. त्यांचे लग्न अकराव्या वर्षी झाले. वयात आल्यावर त्यांनी नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ साली नवऱ्याने मुंबईच्या कोर्टात दावा लावला. १८८७ साली कोर्टाने सांगितले, नवऱ्याच्या घरी जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंग पत्करला. पुढे १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरतेस पुष्कळ वर्षे काम केले. त्यांचे सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन हे त्यांच्या पाठीशी उभे होते, नाहीतर त्या अल्लड वयातला नकार घरातच दाबला गेला असता. मुलगी नकार देते तेव्हा आपण आधी 'कुणी शिकवलं तुले' असे विचारतो. ती का नाही म्हणते, हे मागून.

आपल्याकडे आज सगळ्यांत मोठा निर्णय दहावीनंतरचा. निकाल लागला की पेढ्याच्या आधी टक्के विचारतात. ज्याला बरे टक्के पडले त्याला सायन्स, मग अकोल्याचे क्लास, नाहीतर लातूर, नाहीतर कोटा. त्या पोराला काय आवडते, हे विचारण्याची रीतच नाही. आमच्या नात्यातला एक मुलगा लहानपणापासून पंखे, मोटारपंप उघडून दुरुस्त करी. त्याला डॉक्टर करायचे म्हणून क्लासला घातले. दोन वर्षे तो कुणाशी बोलेना. मग एके दिवशी त्याच्या आजीनेच घरात सांगितले, "बाप्पा, पोट्टं सुकून चाललं, तुमाले दिसत नाई काय?" त्याने आय.टी.आय. केले, आता चार गावांचे पंप त्याच्या हातावर चालतात. सगळ्यांचे असेच होईल असे मी म्हणत नाही. डॉक्टर होणारीही मुले आहेत, आणि आपल्याला डॉक्टर हवेतच.

निकालाच्या दिवशी एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. दोन विषय गेले तरी ए.टी.के.टी. घेऊन अकरावीत बसता येते, आणि पुरवणी परीक्षाही होते. हे निकालानंतर सांगून उपयोग नाही, आधी सांगून ठेवावे. त्या दिवशी पोराच्या मनात जे येते ते क्षणाचे असते, पण तो क्षण फार वाईट असतो, म्हणून त्या दिवशी पोराला एकटे सोडू नये. सरकारने २०२२ पासून टेलिमानस म्हणून १४४१६ हा नंबर सुरू केला आहे. रात्रीबेरात्रीही त्यावर मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत. हा नंबर चुलीजवळच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावा, मी तसाच ठेवला आहे.

तर मग करावे काय? मी माझ्या घरचे सांगते. नवा गोऱ्हा आपण पेरणीच्या दिवशीच पहिल्यांदा तिफणीला जुंपत नाही. आधी त्याला जुन्या बैलाच्या जोडीला रिकामे हिंडवतो, हलके काम देतो, मान घासली तर सोडतो. पोरांना मात्र आपण सोळा वर्षांपर्यंत शर्टाचा रंगही ठरवू देत नाही आणि एकदम म्हणतो, तू आता मोठा झाला, नीट विचार कर. कशाने करील? मागच्या दिवाळीला मी मुलाच्या हातात पंधराशे रुपये दिले आणि म्हटले, कपडे-जोडा जे घ्यायचे ते तुझे तू घे. त्याने सगळ्याचे बूटच घेतले. दिवाळीला जुना शर्ट घातला. मी एक शब्द बोलले नाही, आणि ते न बोलणे मला चार दिवसांच्या फराळापेक्षा जड गेले. यंदा त्याने आधी शर्ट घेतला आणि उरल्या पैशांत चप्पल.

दुसरे, वाटणे आणि करणे यांच्या मध्ये थोडे दिवस घालावेत. माझी धाकटी लेक अकरावीत होती, तेव्हा एके दिवशी घरी येऊन म्हणाली की मला सायन्स सोडायचे. वर्गात कुणीतरी तिला लागेल असे बोलले होते. मी म्हटले, "सोड, पण पंधरा दिवसांनी सोड. तोवर कुणाले सांगू नको, आन् दोन्ही बाजू एका कागदावर लिही." पंधरा दिवसांनीही ती तेच म्हणाली, पण कारण निराळे सांगितले. लागलेल्या बोलण्याचे त्यात नावही नव्हते. मग आम्ही दोघांनी मानले. आज ती बी.ए. करते आणि आनंदाने करते. दिवस घालायचे ते मुलीने आपले ऐकावे म्हणून नव्हेत, हे नवऱ्याला समजावता समजावता माझे मात्र निम्मे दिवस गेले.

आणि बोलायचे असेल तर समोर बसवून, डोळ्यांत डोळे घालून विचारू नये. पोरगा तोंड शिवून बसतो. सध्या तुरीच्या शेंगा आल्या आहेत. एक टोपलं मध्ये ठेवा आणि दोघे सोलायला बसा. हात चालू असले आणि नजर शेंगेवर असली की या वयाची मुले आपोआप बोलतात. अर्धे टोपले होईपर्यंत आपण ऐकावे, मधे 'आमच्या वेळी' म्हणू नये.

आता पुन्हा त्या तीन घरांकडे. मी सातवी का शिकले, हे मी आजवर या मंडळात सांगितलेले नाही. माझ्या माहेरच्या गावी शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीला दुसऱ्या गावी चालत जावे लागे, आणि त्याची वह्या-पुस्तकेही आणून झाली होती. त्याच उन्हाळ्यात शेजारच्या गावची एक मुलगी निघून गेली. तिचे तोंडही मी कधी पाहिले नव्हते. आमच्या गावात त्या वर्षी पाच मुलींची शाळा सुटली, त्यातली मी एक. बाबा वाईट नव्हते, ते घाबरले होते. एका रात्रीत त्यांनी ठरवले. त्या मुलीचा संसार पुढे नीट झाला असे ऐकते, तिला नातवंडेही झाली म्हणतात. आमची आठवी मात्र राहिली ती राहिलीच.

घरी बसवलेल्या मुलीचे पुढे काय होते, हेही आपल्याला ठाऊक आहे. स्थळे पाहणे सुरू होते. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. म्हणजे पाच जणींत एकीहून जास्त. २००६ च्या कायद्याने मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस पूर्ण हवेत. तसे लग्न ठरत असेल तर १०९८ या नंबरवर कळवता येते, खेड्यात ग्रामपंचायत अधिकाऱ्याला सांगता येते. मुलांच्या आयांनीही ऐकावे. मुलगी अठराच्या आतली असेल, तर ती आपल्या मर्जीने आली असे २०१२ च्या पोक्सो कायद्यापुढे चालत नाही, गुन्हा पोरावर लागतो. हे आपल्या मुलांना आपणच सांगितले पाहिजे, आणि आधी सांगितले पाहिजे.

त्या तीन मुलींपैकी एक परवा माझ्याकडे विरजण मागायला आली होती. म्हणाली, "काकू, म्या तं काहीच केलं नाई. मंग मले काऊन बसवलं?" तिची बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आहे. त्या घरच्या आया आज येथे बसलेल्या आहेत, आणि त्यांचा राग आला तर मी तो सोसीन. त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. मुलगी अंधारात स्टँडवर उभी राहते, संध्याकाळी गाडी चुकते, तोवर जीव टांगणीला लागतो. सकाळच्या गाडीने आपल्या आळीतून बारा मुली जात होत्या, आता नऊ जातात. अहिल्याबाई होळकर योजनेचे मोफत पास तिघींचेही होतेच. माझी मंडळाला सूचना अशी की आपल्यापैकी दोघी-दोघींनी पाळीने सकाळी गाडी सुटेपर्यंत आणि संध्याकाळी गाडी येईपर्यंत स्टँडवर थांबावे. परीक्षेपर्यंत दोन महिने हे करून पाहावे, आणि मुलींना घरी बसवायचे की नाही ते त्यानंतर ठरवावे. कार्यवाह ताईंनी वही आणलेली आहे. येत्या सोमवारच्या सकाळच्या पाळीत माझे नाव लिहून घ्यावे, दुसरे नाव कुणाचे ते आत्ताच सांगावे.